पावसाआधी वायपरकडे बघा



आमच्या गटाने बँकेचं कर्ज काढून छोटा टेम्पो घेतला. पापड, मसाले, भाजी बाजाराला न्यायची, आणि गाडी चालवते आमच्यातलीच एक ताई. तेल, हवा, ब्रेक आम्ही वेळच्या वेळी बघत होतो. वायपरकडे मात्र कुणाचंच लक्ष नव्हतं.

गेल्या वर्षी पहिल्या पावसात पुढच्या ट्रकने आमच्या काचेवर चिखल उडवला. ताईने वायपर लावला, तर चिखल पुसला जायच्या ऐवजी काचभर सारवला गेला. समोर सायकलवर शाळेतली मुलगी होती. ती दिसली तेव्हा अंतर दोन हातांचं राहिलं होतं. ब्रेक लागला, मुलगी वाचली. पण त्या रात्री आमच्यापैकी कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही.

गॅरेजवाल्याने दाखवलं, रबर उन्हाने कडक होऊन चिरलं होतं. काच पुसते ती रबराची पातळ कड. वायपर उन्हाळाभर वापरला नाही तरी ऊन आणि धूळ ती कड खराब करतातच.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी पाळतो. कोरड्या काचेवर वायपर चालवत नाही. धुळीने रबर झिजतं आणि काचेवर चरे पडतात. चिखल उडाला तर आधी पाणी, मग वायपर. त्यासाठी बॉनेटखालची पाण्याची बाटली भरलेली ठेवतो. आठवड्यातून एकदा काच धुतो आणि रबर ओल्या फडक्याने पुसतो. रबराला रॉकेल, डिझेल किंवा तेल कधीच लावत नाही, त्याने रबर खराब होतं.

वायपर फिरल्यावर काचेवर पाण्याच्या रेघा राहिल्या, तर आधी काच आणि रबर स्वच्छ करायचं. तरीही रेघा राहिल्या तर रबर बदलायचं. दोन्ही बाजूंचे वायपर बऱ्याचदा लहानमोठे असतात, म्हणून दुकानात जुने सोबत न्यायचे. बदलताना काचेवर जाड घडीचं फडकं ठेवायचं. नुसता लोखंडी दांडा सुटून आपटला तर काच तडकते.

आणि काच आतून धुरकट झाली तर वायपर काही करू शकत नाही. काचेवर वारा सोडायचा, नाहीतर खिडकी थोडी उघडायची.

मैत्रिणींनो, वायपरच्या सुरुवातीच्या पेटंटांपैकी एक बाईच्या नावावर आहे. अमेरिकेतल्या मेरी अँडरसन यांनी बर्फाळ पावसात ट्रामच्या चालकाचे हाल पाहिले आणि आतून हाताने फिरवायचा वायपर तयार केला. १९०३ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं.

आता आमच्या मे महिन्याच्या बैठकीत हप्ता आणि बचतीनंतर एक प्रश्न ठरलेला असतो: वायपर पाहिला का? रबराचा खर्च किरकोळ आहे. तुमच्या गटाची गाडी असो, की मुलांना शाळेत नेणारी जीप, हा प्रश्न तुम्हीही विचारा.