सातवी पेनल्टी कोण मोजतं?

ड्रू बॅरिमोरने दिग्दर्शित केलेला 'व्हिप इट' (२००९) हा सिनेमा तुमच्यापैकी कुणी पाहिला असेल, तर रोलर डर्बी म्हटल्यावर चाकांचे बूट, ढकलाढकली आणि भन्नाट टोपणनावं एवढं नक्की आठवेल. त्यातली नायिका ट्रॅकवर उतरताना 'बेब रूथलेस' होते. बेसबॉलचा प्रसिद्ध खेळाडू बेब रूथ याच्या नावावरची ही कोटी. साहित्याच्या विद्यार्थ्यांना मोह पडणार तो या कोट्यांचाच. मी मात्र गेले काही महिने या खेळातल्या कागदांच्या नादाला लागलेय. माझी मावसबहीण कॅनडात असते. ती डर्बी खेळत नाही, पण दर सामन्याला क्लिपबोर्ड आणि पेन्सिल घेऊन हजर असते. "मी लाइनअप लिहिते," असं ती म्हणाली तेव्हा मला वाटलं, नावं लिहायची, त्यात काय एवढं! तिने रिकामे फॉर्म पाठवले, मी यूट्यूबवर सामने लावून बसले, आणि मग कळलं की या खेळाचा अर्धा न्याय त्या कागदावर चालतो.

आधी खेळ थोडक्यात. १९३५ साली शिकागोत लिओ सेल्ट्झर नावाच्या माणसाने स्केटिंगच्या दमवणाऱ्या लांब शर्यती म्हणून तो सुरू केला. आजचं रूप मात्र टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या बायकांनी २००० नंतर घडवलं. सिनेमातला ट्रॅक उतरता आहे. आता जास्त करून सपाट जमिनीवर, लंबगोल ट्रॅकवर खेळतात. मी पुढे जे नियम सांगतेय ते या सपाट ट्रॅकच्या महिला संघटनेचे. सामना ३० मिनिटांच्या दोन भागांत होतो. प्रत्येक भागात छोटे छोटे डाव, त्यांना 'जॅम' म्हणतात. एक जॅम फार तर दोन मिनिटांचा. दोन जॅममध्ये फक्त ३० सेकंद. प्रत्येक संघाच्या १५ जणींपैकी पाच जणी एका जॅमला उतरतात: हेल्मेटवर तारा असलेली जॅमर, पट्टा असलेली पिव्हट आणि तीन ब्लॉकर. जॅमर म्हणजे आपली चढाई करणारी असं समजा. तिने घोळक्यातून वाट काढायची, फेरी मारून परत यायचं आणि मग ओलांडलेल्या प्रत्येक विरोधी खेळाडूमागे एक गुण मिळवायचा. फरक इतकाच की इथे दोन्ही संघांच्या जॅमर एकाच वेळी चढाईवर असतात.

कबड्डी आठवली म्हणून सांगते. कबड्डीत मुख्य गुणलेखकाशिवाय दोन सहायक गुणलेखक असतात, ते आठवतंय? कोण कुठल्या क्रमाने बाद झालं हे ते लिहितात, कारण खेळाडू जिवंत होतात ते त्याच क्रमाने. हा क्रम चुकला तर भलताच खेळाडू आत येतो. प्रेक्षकांना तो माणूस दिसतही नाही. डर्बीत या माणसाचं काम कित्येक पटींनी वाढवलंय. ट्रॅकवर स्केट घालून जास्तीत जास्त सात रेफरी असतात आणि कडेला, मध्यभागी, पेनल्टी बॉक्सपाशी तितकेच किंवा त्याहून जास्त बिनस्केटवाले अधिकारी. कुणी घड्याळ सांभाळतं, कुणी गुण लिहितं, कुणी बॉक्समधले सेकंद मोजतं. बहुतेक सगळे स्वयंसेवक.

लाइनअप लिहिणारीचं काम त्या मधल्या ३० सेकंदांत सुरू होतं. बाकावरून पाच जणी येणार, त्यांचे क्रमांक बघायचे, कोण जॅमर, कोण पिव्हट ते रकान्यात भरायचं. टोपणनावाचा इथे काही उपयोग नाही. कोटी कितीही झकास असली तरी कागदावर फक्त आकडा, आणि तो एक ते चार अंकी कितीही असू शकतो. शिवाय जॅम सुरू असताना जॅमर आपलं ताऱ्याचं कापड पिव्हटच्या हातात देऊ शकते. मग पिव्हटच जॅमर होते, आणि त्याच जॅमची नोंद दुसऱ्या ओळीत करावी लागते. सगळ्यांचा डोळा गुण मिळवणाऱ्या जॅमरकडे जातो. हिने मात्र कोण ट्रॅक सोडून चाललीय ते बघायचं.

पेनल्टीचा कागद वेगळा. रेफरी शिट्टी वाजवतो आणि ओरडतो: रंग, क्रमांक, गुन्हा. क्रमांकाचे अंक सुटे सुटे म्हणायचे. "व्हाइट, थ्री, झीरो, फाइव्ह, बॅक ब्लॉक!" सोबत हाताची खूण, कारण प्रेक्षकांच्या गोंगाटात शब्द हरवतात. पेनल्टी लिहिणारी त्या क्रमांकाच्या ओळीत एक अक्षर टाकते आणि खाली जॅमचा क्रमांक. बी म्हणजे मागून धक्का, एफ म्हणजे हाताच्या पुढच्या भागाचा गैरवापर, एक्स म्हणजे ट्रॅकबाहेर जाऊन चुकीच्या जागी परत घुसणं. जिला पेनल्टी मिळाली तिने ताबडतोब बॉक्समध्ये जाऊन ३० सेकंद बसायचं. २०१४ च्या आधी हा वेळ एक मिनिट होता. आणि २०१३ च्या आधी छोटे अपराध वेगळे लिहायचे, असे चार साठले की बॉक्सची वारी. लिहिणाऱ्यांचे त्या काळी काय हाल होत असतील याची कल्पना करा!

इथवर वाटेल की हे दोन वेगवेगळे कागद आहेत. मलाही फॉर्म हातात आले तेव्हा प्रश्न पडला होता की दोन कशाला, एकावर भागलं नसतं का? याचं उत्तर एका नियमात आहे: जॅम संपला की बॉक्समधलं घड्याळ थांबतं, पण शिक्षा संपत नाही.

समजा बारावा जॅम चालू आहे. पांढऱ्या संघाची ३०५ क्रमांकाची ब्लॉकर बॉक्समध्ये जाऊन बसली आणि २० सेकंदांनी जॅम संपला. तिचे १० सेकंद उरले. तेराव्या जॅममध्ये ती बॉक्समध्ये बसूनच खेळात धरली जाते, ब्लॉकर म्हणूनच. म्हणजे बाकावरून चारच जणी यायला हव्यात. प्रशिक्षकाच्या लक्षात राहिलं नाही आणि पाच आल्या, तर संघाला आणखी एक पेनल्टी. लाइनअप लिहिणारी म्हणून तेराव्या जॅमच्या ओळीत आधी ३०५ लिहून मोकळी होते. तिच्यापुढची खूणही मजेशीर आहे. बाराव्या जॅममध्ये नुसती आडवी रेघ, म्हणजे 'बसली, अजून सुटली नाही'. तेराव्यात इंग्रजी एस, म्हणजे 'जॅम सुरू होताना बॉक्समध्येच होती', आणि सुटली की त्याच एसवर उभी रेघ. झालं डॉलरचं चिन्ह! इतकी काटकसरीची लिपी मी दुसरीकडे पाहिली नाही.

जॅमर बॉक्समध्ये गेली तर गोष्ट आणखी रंगते. एका संघाची जॅमर बसलेली असताना दुसऱ्या संघाचीही आली, तर पहिली तत्काळ सुटते, आणि दुसरीने पहिली बसली होती तेवढाच वेळ बसायचं. पहिली आठ सेकंद बसली असेल तर दुसरीलाही आठच. आणि ब्लॉकरपैकी एका संघाच्या दोघीच एका वेळी बसू शकतात. तिसरी आली तर तिला परत ट्रॅकवर पाठवतात आणि जागा झाली की बोलावतात. तिची शिक्षा उधारीवर. ही उधारी कुणाच्या तरी लक्षात राहायला हवी ना?

आता मुख्य मुद्दा, सात. एका सामन्यात सात पेनल्ट्या झाल्या की खेळाडू बाहेर. तिची शेवटची ३० सेकंदं तिच्या जागी दुसरी कुणी भोगते. आम्हाला लहानपणी शिकवलं होतं की कुमसार करून, दिलेलं प्रायश्चित्त पुरं केलं की पाप मिटतं. इथे उलटं आहे. बॉक्समध्ये बसून आलात तरी नोंद राहते, सामना संपेपर्यंत. पुढच्या सामन्यात मात्र पाटी कोरी.

म्हणून एक अक्षर चुकीच्या ओळीत पडलं तर काय होईल बघा. १८ ची पेनल्टी ८१ च्या नावावर गेली. ८१ च्या खऱ्या सहाच, पण कागदावर सात. महिनोन्‌महिने सराव केलेली मुलगी शेवटच्या दहा मिनिटांत बाहेर, आणि १८ निवांत. म्हणूनच कागद दोन. पेनल्टीच्या कागदावर बाराव्या जॅमला ८१ च्या पुढे अक्षर आहे, पण लाइनअपच्या कागदावर ८१ त्या जॅमला ट्रॅकवर उतरलीच नव्हती? मग कुठेतरी घोळ आहे, थांबा. अक्षर आहे पण बॉक्समध्ये गेल्याची खूण नाही? मग खेळाडूला ऐकू गेलं नसेल. एकाच वारीत दोन अक्षरं? तसं होऊ शकतं. मग ६० सेकंद. दोन्ही लिहिणाऱ्या एकमेकींचं बघून लिहीत नाहीत, त्यांना जुळवायचं ते नंतर. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. कारण रेफरीला प्रत्येक अपराध दिसतो असं नाही, आणि दिसलेला कितवा हे तर त्याच्या डोक्यात राहणंच शक्य नाही.

अलीकडे हे काम टॅबलेटवरही होतं. कॅरोलिना रोलरगर्ल्स या अमेरिकेतल्या संघाच्या लोकांनी एक मुक्त संगणकप्रणाली सुरू केली. ती ब्राउझरमध्ये चालते, गुणफलक दाखवते, आणि त्याच पडद्यावर लाइनअप आणि पेनल्ट्या दोन्ही भरता येतात. सहावी पेनल्टी पडली की सगळ्यांना लगेच दिसते. सोय मोठीच. पण दोन कागदांचं काम एका बोटावर आलं की टाळा कशाशी लावायचा, ही माझी शंका. बहिणीला विचारलं तर म्हणाली, "बॉक्सवाल्यांचा कागद आहे ना!" बॉक्सपाशी घड्याळ लावणारे कोण कधी आली, कधी उठली हे आपल्या कागदावर स्वतंत्र लिहितातच. सातवी पडली की प्रमुख रेफरीला खबर जाते, सातही अक्षरं आणि त्यांचे जॅम तपासले जातात, आणि मगच त्या खेळाडूला बाहेर जायला सांगतात.