स्थानकापर्यंतची वाट

एस.टी.चा प्रवास कोठे सुरू होतो, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर 'स्टँडवर' असेच येईल. परंतु गाडीचा प्रवास आणि माणसाचा प्रवास या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. गाडी स्टँडवरून निघते. माणूस आपल्या घराच्या उंबऱ्यावरून निघतो. या दोहोंमधील वाट कशी आहे, यावर तो गाडीने जाणार की नाही हे पुष्कळ अंशी ठरते. म्हणून त्या वाटेची आखणी हा शोभेचा नव्हे, वाहतुकीचाच प्रश्न आहे.

रेल्वेचा मार्ग भिलवडीवरून जातो. तासगावला खरा आधार एस.टी.चा. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर पहिली एस.टी. धावली, आणि पुढे ती खेडोपाडी पोहोचली. अलीकडे शासनाने भाड्याचा अडसरही बराच दूर केला आहे. ग्रामीण भागातील मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळतो; २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांचा प्रवास विनामूल्य झाला; मार्च २०२३ पासून स्त्रियांना तिकिटात निम्मी सवलत मिळाली. आता या तिघांकडे नीट पाहावे. शाळकरी मुलगी, वृद्ध गृहस्थ आणि कडेवर मूल घेतलेली आई. घरात मोटारसायकल असली तरी ती बहुधा यांच्या वाट्याला येत नाही. म्हणजे ज्यांचे तिकीट स्वस्त झाले, तीच माणसे स्टँडपर्यंत पायी येणारी आहेत. तिकीट शासनाने सोडवले. वाट मात्र गावानेच सोडवावयाची आहे.

आता थोडे गणित करू. साधारण प्रकृतीचा माणूस मिनिटाला सुमारे ८० मीटर चालतो. दहा मिनिटांत ८०० मीटर. सायकलीवर, ताशी १५ किलोमीटर वेगाने, तेवढ्याच वेळात अडीच किलोमीटर होतात. स्टँड मध्यभागी धरून नकाशावर या दोन अंतरांची वर्तुळे काढली, तर पहिल्याचे क्षेत्र सुमारे दोन चौरस किलोमीटर भरते, दुसऱ्याचे जवळजवळ वीस. एक साधी सायकल स्टँडची हद्द दसपट वाढविते! रस्ते वळणाचे असल्याने प्रत्यक्षात हे आकडे कमी होतील, पण प्रमाण तेच राहील. मात्र सायकल दिवसभर निर्धास्त लावून ठेवता आली पाहिजे. स्टँडच्या आत, छपराखाली, राखणदाराच्या नजरेसमोर तिला जागा नसेल तर हे सारे गणित कागदावरच राहील.

दुसरे गणित वेगाचे. ताशी ३० किलोमीटर वेगाने येणाऱ्या मोटारीच्या चालकाला माणूस दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर सुमारे १३ मीटर लागतात. ५० च्या वेगाला सुमारे २८ मीटर. आणि धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो जवळजवळ पावणेतीन पट होतो. म्हणून स्टँडच्या परिसरात वेग उतरविणे हे पहिले काम. त्यासाठी पाटी पुरेशी नाही. रस्ता ओलांडण्याची जागा किंचित उंच बांधावी, कोपऱ्यावरचे वळण आखूड करावे; म्हणजे वाहन आपोआप हळू होते.

दुसरे काम पदपथाचे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, आणि पदपथाची उंची १५ सेंटीमीटरहून अधिक नको. ही उंची फार महत्त्वाची. कारण चढावयास अवघड पदपथ म्हातारी माणसे सोडून देतात आणि डांबरावरून चालतात. भाजी-फळे विकणाऱ्यांना हुसकावणे हा उपाय नव्हे. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने त्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिले आहे. तेव्हा आखणीतच त्यांच्यासाठी वेगळी पट्टी ठेवावी. याखेरीज दिवे, सावलीची झाडे आणि पावसाळ्यात पाणी न साचणारी गटारे हवीत.

पुण्याचा अनुभव येथे उपयोगी पडेल. एके काळी सायकलींचे शहर म्हणून गाजलेल्या त्या नगरीने २००६ नंतर जलद बसमार्गांच्या कडेने सायकलपट्ट्या बांधल्या. पण त्या ठिकठिकाणी तुटल्या आणि वापराविना पडल्या. उलट जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद व सलग केले, तेथे लोक आनंदाने चालू लागले. बोध असा की, तुकड्या-तुकड्यांतील दोन किलोमीटरपेक्षा घरापासून स्टँडपर्यंत सलग पाचशे मीटर अधिक मोलाचे.

अडचण पैशापेक्षा मालकीची आहे. स्टँडचे आवार महामंडळाचे, गल्ल्या नगरपरिषदेच्या, मोठा रस्ता बहुधा सार्वजनिक बांधकाम खात्याचा. दारातला खड्डा नेमका दोघांच्या हद्दीवर असतो! १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने रस्ते, दिवे आणि बसथांबे हे विषय नगरपालिकांकडे सोपविण्याजोग्या कामांच्या यादीत घातले आहेत. तेव्हा तिघांना एका टेबलाशी बसविण्याचा पुढाकार नगरपरिषदेने घ्यावा, आणि नागरिकांनी तो घ्यावयास लावावा.

ऋषिपंचमीला तासगावचा रथ निघतो, तेव्हा हजारो हात दोर ओढतात आणि त्या दिवशी रस्ता निर्विवाद पायांचा असतो. वर्षातून एकदा जे जमते ते रोज सकाळी शाळेच्या वेळेपुरते का जमू नये? आरंभ करणे सोपे आहे. एखाद्या बाजाराच्या दिवशी एक शिक्षक, एक शाळकरी मुलगी, एक वृद्ध आणि एक नगरसेवक यांनी मिळून आपापल्या घरापासून स्टँडपर्यंत चालावे. जेथे जेथे पाय अडेल तेथे कागदावर खूण करावी. त्या खुणांची यादी म्हणजेच आराखड्याचे पहिले पान.