चतुर्थीची ओहोटी

अलिबागच्या पुळणीवरून कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर आधी पंचांग उघडावं लागतं. कोकणपट्टीत भरतीचा हिशेब तोंडी होतो: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पाणी पुरतं चढलेलं असणार, आणि त्याआधी सहा तास, सकाळी नवाच्या आसपास, सुकती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. तिथी चंद्राची आणि भरतीही चंद्राचीच, त्यामुळे चतुर्थी शुद्ध असो की वद्य, गणित तेच. किल्ल्यातलं गणपतीचं देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं. संकष्टीच्या सकाळी समुद्र आपण होऊन देवळाची वाट मोकळी करतो, ही सोय मला फार आवडते. पक्षी बघणाऱ्याला ती आयतीच मिळते.

दिवस शक्यतो माघ वद्यातला धरावा, म्हणजे साधारण फेब्रुवारी, फार तर मार्चचे पहिले दिवस. आशियातल्या पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, आणि मोजदादीला तो महिना योग्यच. पाहुणे तेव्हा जागा धरून असतात. पण जानेवारीतले किनाऱ्यावरचे लहान पक्षी म्हणजे सगळा एकच मातकट कारभार. पाठ करडी, पोट पांढरं, ओळखायला जेमतेम चोच आणि पाय. माघ सरता सरता त्यांच्यावर रंग चढू लागतो आणि भूकही वाढते. रंग बघायला पुष्कळ जण येतात. मला भूक बघायची असते.

पाणी मांडीएवढं असतानाच किनाऱ्यावर हजर राहावं आणि ओहोटीच्या मागोमाग पुढं सरकावं. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो, हवा थंड असते, आणि मुख्य म्हणजे किल्ला पश्चिमेला असल्यामुळे सूर्य आपल्या पाठीशी राहतो. हा फायदा फार वेळ टिकत नाही. दहानंतर ओल्या वाळूवरून झळा उठू लागतात आणि स्पॉटिंग स्कोपमधला पक्षी उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा थरथरतो. स्कोप मग पाठीवरचं ओझं होतो. साध्या आठ बाय बेचाळीसच्या दुर्बिणीवर आणि स्वतःच्या सबुरीवर भागवावं लागतं.

वाळू उघडी पडायला लागली की पहिले येतात चिखल्या. केंटिश चिखल्या, आणि त्याच्याहून जरा थोराड, लांब पायांचा सँड प्लवर. यांचं जेवण डोळ्यांवर चालतं. डोळे चेहऱ्याच्या मानाने मोठे, चोच आखूड. दहा पावलं धावायचं, टक्कन थांबायचं, वाळूकडे बघत राहायचं. काही हललं की झडप, नाहीतर पुन्हा धाव. तुतवारांच्या गोतातल्यांची रीत निराळी. त्यांची चोच शिवणयंत्राच्या सुईगत वाळूत वरखाली चालू असते, कारण ते बघत नसतात, चाचपत असतात. चोचीच्या टोकाशी दाब ओळखणाऱ्या बारीक पेशी असतात, आणि वाळूत दडलेली शिंपली चोच तिला प्रत्यक्ष टेकायच्या आधीच काही पक्ष्यांना जाणवते. कोरलाची वाकडी, लांबलचक चोच खेकड्याच्या बिळात थेट आत जाते. त्यातही मादीची चोच नराच्या चोचीहून लांब. एकाच पट्ट्यात इतके पक्षी भांडणाशिवाय जेवतात ते या चोचींमुळे. वरचा थर एकाचा, बोटभर खालचा दुसऱ्याचा, बिळाचा तळ तिसऱ्याचा.

एक सँड प्लवर माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर होता. मी उकिडवा बसून राहिलो तसं त्याने मला खडकांत जमा केलं. धावला, थांबला, मान तिरकी केली आणि वाळूतून एका किड्याचं टोक धरलं. किडा आतून धरून बसलेला. झटका दिला असता तर तुटला असता, आणि मेजवानीचा अर्धा भाग वाळूतच राहिला असता. पक्ष्याने झटका दिला नाही. ओढ कायम ठेवून, पाय रोवून तो मागे झुकून उभा राहिला. दोघांचीही ताकद पणाला लागलेली. मग किड्याची पकड सुटली असावी, कारण तो सरसर बाहेर आला, बोटभर लांब, आणि दोन घोटांत संपला. तेव्हाच त्याच्या छातीकडे लक्ष गेलं. करड्या पिसांत वीटकरी रंगाचे चार-सहा ठिपके. एप्रिलपर्यंत तिथे रुंद तांबूस पट्टा होईल आणि डोळ्यांवरून काळा मुखवटा चढेल. आपल्याकडे येणारे हे पक्षी तिबेट, लडाख, पामीरच्या पठारांवर वीण करतात. समुद्रसपाटीवर हिवाळा काढायचा आणि अंडी घालायला चार हजार मीटर उंची गाठायची, मध्ये हिमालय.

त्या प्रवासाची तयारी या वाळूवर चाललेली असते. वजन वाढवायचं, त्वचेखाली चरबी साठवायची. लांब पल्ल्याच्या काही किनारी पक्ष्यांत असंही दिसून आलंय की निघण्याच्या सुमारास जठर आणि आतडी आकसतात आणि उडण्याचे स्नायू वाढतात. हवेत जेवायचं नसतं, मग पचनाचा पसारा कशाला वाहून न्यायचा. म्हणजे जेवणाला मुदत आहे. दिवसाच्या दोन ओहोट्या, प्रत्येकीचे मोजके तास, आणि पुढे महिना-दीड महिना. सूर्य उगवला-मावळला याच्याशी त्यांना कमी देणंघेणं असतं. पौर्णिमेच्या रात्रीही सुकतीच्या पट्ट्यात चरणं चालू असतं.

आणि नेमक्या याच तासांत माणसांचीही वर्दळ. पर्यटकांना किल्ल्यात नेणाऱ्या घोडागाड्या त्याच ओल्या पट्ट्यातून जातात. गाडीवाल्यांचं पोट त्यावर आहे, त्यांच्याबद्दल तक्रार करायला मी धजणार नाही. शिवाय घोडागाडी ठरलेल्या वाटेने जाते, आणि पक्षी ती वाट ओळखतात. गाडी येताना दिसली की चालत बाजूला होतात, उडत नाहीत. उडतात ते मोकाट कुत्र्यांनी, वाळूत भरधाव फिरवायच्या चारचाकी मोटारसायकलींनी, आणि सांगायला जड जातं, पण आमच्याच जातभाईंनी. उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून थव्यावर चालून जाणारे लोक मी पाहिलेत. थवा उठतो, एक वळण घेतो, सगळी पोटं एकदम पांढरी चमकतात, कॅमेरा खडखडतो. फोटो चांगला येतो. प्रत्येक उड्डाणाला चरबी जळते आणि जेवणाची काही मिनिटं जातात. बहिरी ससाणा घिरटी घालून जातो तेव्हाही थवा असाच उठतो, पण ससाण्याला भूक असते आणि त्याची फेरी कधीतरीच होते.

किल्ल्याच्या जवळ वाळू संपून खडप लागतं. काळा, खाचखळग्यांचा कातळ, त्यावर कालवांचे धारदार थर. अनवाणी पाय टाकायची सोय नाही. इथे पायजमा खोचलेल्या माझ्यासारख्या माणसाचं चालणं आणि रोजच्या सरावाच्या बायांचं चालणं यात फार फरक पडतो. कालवं फोडणाऱ्या एका मावशींनी माझी दुर्बीण बघितली आणि हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, ‘‘पानी भरंल तवा बघ. तेच येतील जवल.’’ पक्षीनिरीक्षणाच्या पुस्तकांत पानंच्या पानं खर्ची पडतात ती बाब त्यांनी दोन वाक्यांत उरकली. ओहोटीला पक्षी मैलभर पांगलेले असतात. भरतीचं पाणी त्यांना रेटत रेटत उरलेल्या उंचवट्यांवर आणतं.

म्हणून मी सुकतीला आत जातो आणि भरती किल्ल्यात काढतो. भरतीच्या वेळी होड्या चालतात, परतायची चिंता नसते. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये या किल्ल्याचं काम सुरू करवलं. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे ठाणं झालं. तटाचे दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाटेचं पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. त्याच फटींत हिवाळ्यात निळा कस्तूर राहतो. नर दगडाच्या सावलीत पाटीसारखा करडा दिसतो, उन्हात आला की निळा. आतला गोड्या पाण्याचा तलाव, देऊळ, चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या इंग्रजी तोफा, यांच्याकडे येणारा-जाणारा प्रत्येक जण बघतो, तेव्हा ते सोडून मी तटाच्या समुद्राकडच्या बाजूला जातो. दुपारपर्यंत सूर्य डोक्यावरून पाठीमागचा पुढे आलेला असतो, आणि मग पश्चिमेकडे बघणं संपलं. उत्तरेला शेजारच्या सर्जेकोटाकडे किंवा पूर्वेला किनाऱ्याकडे तोंड करून बसावं.

पाणी चढताना सगळ्यात जवळून दिसतो टर्नस्टोन. नारिंगी आखूड पाय, छातीवर काळी नक्षी, आणि पाठीवर आता कुठे उमटू लागलेला तांबूस रंग. हरवलेली किल्ली शोधताना माणूस घरातली एकेक वस्तू उचलून बघतो तसं याचं चालतं: दगड उलथ, शेवाळाची चटई गुंडाळ, शिंपल्याची करवंटी पालथी कर. खालून पळालेला किडा-खेकडा गट्टम. याची वीण उत्तर ध्रुवालगतच्या टुंड्रात होते. शेजारी समुद्र बगळा. हा पांढराही असतो आणि गर्द करडाही, एकाच जातीत दोन रंग. करड्याच्या गळ्यावर तेवढा पांढरा डाग. हा मात्र कुठे जाणार नाही. आपल्याच किनाऱ्यावर राहणारा. त्यामुळे त्याच्या शिकारीत घाई नाही, नाटक पुष्कळ आहे. पंख अर्धे उघडून उथळ पाण्यात दोन्ही बाजूंना झोकांड्या खात धावतो, आणि बिथरलेला मासा उचलतो.

पलीकडे कुरवांचा थवा पाण्यावर बसलेला. काळ्या डोक्याच्या कुरवाला जानेवारीत डोळ्यामागे नुसता एक ठिपका असतो; आता कुणाच्या डोक्यावर अर्धी टोपी, कुणाची पुरी. तपकिरी डोक्याचा कुरव त्यांच्यातच मिसळलेला, फिकट डोळ्यावरून वेगळा काढावा लागतो.

चुंबकाची गोष्ट इथेच सांगून टाकतो. समोर अलिबागच्या किनाऱ्याला लागून भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईच्या कुलाब्यात हे काम चालायचं. तिथे विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर मोजमापं बिघडतील म्हणून १९०४ मध्ये ती इथे आणली, आणि इमारतीसाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड वापरला. तेव्हापासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होतात. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना हे क्षेत्र जाणवतं आणि दिशा धरायला ते त्याचा उपयोग करतात, हे प्रयोगांनी सिद्ध झालंय. ज्या गोष्टीसाठी माणसाला ट्रामपासून पळून, दगड निवडून आणून दालन बांधावं लागलं, ती या मूठभर जिवाच्या अंगातच. जवळच्या किहीमला सलीम अलींनी १९३० साली सुगरणींच्या घरट्यांवर ठिय्या देऊन त्यांच्या संसाराचं कोडं सोडवलं. त्यांचीही मुख्य हत्यारं शिडी, वही आणि एका जागी बसण्याची तयारी एवढीच होती.

अडीचच्या सुमारास शेवटचं खडप बुडू लागतं आणि मोजायची वेळ येते. एकेक मोजत बसलं तर हुकतं. दहा पक्षी मोजायचे, दहा किती जागा घेतात ते डोळ्यात भरून घ्यायचं, आणि तेवढ्या मापाने थवा कापत न्यायचा. आता खारा वारा सुटलेला असतो. सगळे त्याच्याकडे तोंड करून, एका पायावर उभे. झोपलेले म्हणावेत तर दर थोड्या वेळाने एक डोळा उघडतो. पाणी पायाला लागलं की काठचे उडून मधल्यांच्या डोक्यावरून पलीकडे जातात, मधले काठचे होतात. एखाद्याच्या पायात धातूचं कडं किंवा रंगीत फ्लॅग दिसला तर रंग आणि अक्षरं टिपून घ्यावीत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी अशी कडी कित्येक दशकं घालते आहे, आणि आपली एक ओळीची नोंद त्या पक्ष्याच्या प्रवासातला एक मुक्काम पक्का करते.

एप्रिल संपेपर्यंत बहुतेक जण गेलेले असतात. मागे राहतात ती गेल्या उन्हाळ्यात जन्मलेली. कोरल, सँड प्लवर अशा कित्येक जातींतली पहिल्या वर्षाची पोरं वीण करायच्या वयात आलेली नसतात, म्हणून जातही नाहीत. आपला पहिला उन्हाळा आणि पावसाळाही इथेच काढतात. त्यांच्या अंगावर रंग पुरता चढत नाही, आणि पंखांची पिसं वर्षभर वापरून कडेला झिजलेली असतात. मे महिन्यात किल्ल्याच्या वाटेवर असा एखादा करडा, विटका सँड प्लवर एकटा चरताना दिसला तर तो आजारी किंवा वाट चुकलेला समजून कोणाला फोन करू नये. त्याची पाळी पुढच्या वर्षी आहे.