कालनियंत्रक स्फटिक, सीडी प्लेअरमधील

सीडी प्लेअरमधील सर्व अंकीय क्रियांना ठराविक कंप्रतेचे स्पंद पुरविणाऱ्या आंदोलकातील क्वॉर्ट्झ स्फटिक. योग्य दिशेने कापलेल्या क्वॉर्ट्झच्या चकतीवर बदलता विद्युत् दाब लावल्यास ती आपल्या नैसर्गिक कंप्रतेने कंप पावते. या गुणधर्माच्या मुळाशी असलेला दाबविद्युत् परिणाम प्येर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधून काढला [⟶ दाबविद्युत्]. १९८२ मध्ये सीडी प्लेअर बाजारात आले. त्या दशकातील प्लेअर आजही वापरात असून त्यांचा स्फटिक बदलून ध्वनी सुधारण्याचे प्रयत्न हौशी तंत्रज्ञ करतात.

कार्य : सीडीवर प्रत्येक मार्गिकेचे सेकंदाला ४४,१०० नमुने १६ द्विमान अंकांत नोंदलेले असतात. म्हणून स्फटिकाची कंप्रता या संख्येच्या पटीत ठेवतात, उदा., ११·२८९६ मेगाहर्ट्झ (२५६ पट) किंवा १६·९३४४ मेगाहर्ट्झ (३८४ पट). तबकडीवरून वाचलेली माहिती प्रथम स्मृतिमंडलात साठते व तेथून स्फटिकाच्या तालावर बाहेर पडते. त्यामुळे तबकडीच्या गतीतील किरकोळ चढउतार ध्वनीत उतरत नाहीत. अंकांचे सदृश विद्युत् दाबात रूपांतर होण्याचा क्षण मात्र आंदोलकावरच अवलंबून असतो.

कालदोष : हे दोन प्रकारचे असून त्यांत गल्लत करू नये. पहिला दोष सरासरी कंप्रतेचा होय. स्फटिकाची कंप्रता दशलक्षांत ५० भागांनी चुकली, तर एक तासाच्या ध्वनिमुद्रणात ०·१८ सेकंदाचा फरक पडतो. स्वराच्या उंचीतील फरक कानाला कळत नाही. म्हणून केवळ अधिक अचूक कंप्रतेचा स्फटिक बसविल्याने ध्वनी सुधारत नाही. दुसरा दोष म्हणजे लागोपाठच्या स्पंदांचे क्षण मागेपुढे होणे. यामुळे नमुना चुकीच्या क्षणी बाहेर पडतो व मूळ स्वराभोवती नको असलेल्या कंप्रता उमटतात. २० किलोहर्ट्झच्या पूर्ण तीव्रतेच्या स्वरात ही चूक १६ अंकी मापनाच्या अर्ध्या पायरीच्या आत राखावयाची, तर कालविचलन सु. १२० पिकोसेकंदांपेक्षा कमी असावे लागते. ही गणिती मर्यादा आहे. श्रवणाची मर्यादा बरीच सैल आढळते. जपानमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत संगीतातील यादृच्छिक कालविचलन काही शे नॅनोसेकंदांपर्यंत वाढल्यावरच ते निष्णात श्रोत्यांना ओळखता आले.

बदलाची रीत : जुन्या प्लेअरमध्ये स्फटिक व दोन लहान धारित्रे संकलित मंडलाच्या दोन टोकांना जोडलेली असतात. फिलिप्सच्या एसएए ७२२० या मंडलात आंदोलक व अंकीय गाळणी एकत्रच असल्याने गाळणीतील प्रवाहांचा गोंगाट आंदोलकात शिरण्याचा संभव असतो. म्हणून सुटा स्फटिक न बदलता मूळ स्फटिक व धारित्रे काढून त्याच कंप्रतेचा स्वतंत्र आंदोलक बसवितात आणि त्याचे स्पंद मंडलाच्या आदान टोकाला देतात. या आंदोलकाला वेगळा, अल्प गोंगाटाचा वीजपुरवठा द्यावा लागतो. जोडतार आखूड असावी आणि स्पंदांचा विद्युत् दाब मंडलाला पेलणारा असावा. कंप्रता वेगळी निवडल्यास स्वर चढतो किंवा उतरतो, अथवा प्लेअर चालतच नाही.

मर्यादा व दक्षता : क्वॉर्ट्झ फार सावकाश जुना होतो, वीजपुरवठ्यातील इलेक्ट्रोलायटिक धारित्रे मात्र कालांतराने सुकतात. म्हणून प्रथम त्यांची तपासणी करणे श्रेयस्कर असते. बदलापूर्वी व नंतर एकाच शुद्ध स्वराच्या वर्णपटाची तुलना केल्यास लाभ झाला की नाही हे निश्चित होते. केवळ ऐकून केलेल्या निवाड्यात अपेक्षेचा प्रभाव राहतो. डाख काढताना मंडलफलकावरील तांब्याच्या पट्ट्या उचकटू शकतात आणि स्थिर विद्युतेने संकलित मंडल निकामी होऊ शकते. उत्पादन थांबलेले असे मंडल पुन्हा मिळणे कठीण असते. झाकण उघडे असताना प्लेअरमधील अदृश्य अवरक्त लेसर किरणांकडे पाहणे डोळ्यांस अपायकारक आहे.