केसपेपरवरील एक ओळ : कौटुंबिक हिंसाचार, कायदा आणि आपले रुग्णालय



वार्षिक अहवालात प्रशासकाने खाटा, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांविषयी लिहावे, अशी रूढी आहे. ते आकडे पुढील पृष्ठांवर आहेतच. यंदा विश्वस्त मंडळाच्या अनुमतीने एका निराळ्या विषयाची माहिती देत आहे. घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीसाठी कायद्याने कोणती व्यवस्था केली आहे आणि त्या व्यवस्थेत रुग्णालयाचे स्थान कोणते, हा तो विषय होय. मी वकील नाही, वैद्यही नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, याला कारण मला एकदा द्यावी लागलेली साक्ष.

काही वर्षांपूर्वी रुग्णालयाचे अभिलेख घेऊन हजर राहण्याचे समन्स न्यायालयाकडून आले. अर्जदार स्त्रीने आपल्या अपघात विभागात दोनदा उपचार घेतले होते. विरुद्ध पक्षाच्या वकिलांनी मला रजिस्टरमधील नोंदी मोठ्याने वाचावयास सांगितल्या. पहिली नोंद होती, “मोरीत पाय घसरून पडल्याने डाव्या मनगटाचा अस्थिभंग.” दुसरी चार महिन्यांनंतरची, “जिन्यावरून पडल्याने डोक्यास जखम, चार टाके.” मारहाणीचा उल्लेख कोठे आहे, असे त्यांनी विचारले. नाही, एवढेच उत्तर मी देऊ शकलो. त्या बाई समोरच उभ्या होत्या.

परत आल्यावर चौकशी केली. दोन्ही वेळी पती खाटेशेजारी उभा होता आणि हकिगत त्यानेच सांगितली होती. बाईंनी मान हलविली होती. “तुम्ही जरा बाहेर थांबा” असे त्यास कोणी म्हटले नव्हते. पुढे शेजारीणबाईंच्या साक्षीवर अर्जदारास दरमहा पोटगी मंजूर झाली. दुखापतीबद्दलची भरपाई मात्र नाकारली गेली आणि त्या नकारास आमच्याच रजिस्टरचा आधार होता. ज्याने कोणी ती नोंद केली त्याने खोटे लिहिले नव्हते, जे सांगण्यात आले ते लिहिले होते. हिशेबाच्या भाषेत बोलावयाचे तर व्हाउचर होते, खतावणीही बिनचूक होती, पण झालेला व्यवहार तो नव्हताच.

आता कायद्याकडे वळू. १९८३ साली भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ समाविष्ट झाले आणि पती व सासरच्या माणसांनी केलेली क्रूरता हा ३ वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. हाच गुन्हा आता तिच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे. या तरतुदीचा उपयोग मोठा, पण तिचे स्वरूप फौजदारी. ती अपराध्यास शिक्षा देते. रात्री मुलांसह घराबाहेर काढलेल्या स्त्रीस त्या रात्री कोठे जावे याचे उत्तर तीत नाही. अनेक स्त्रियांना पती तुरुंगात जावा असे वाटत नसते. मार थांबावा आणि घर सुटू नये, एवढेच त्यांना हवे असते. ही अपेक्षा दुबळी आहे असे म्हणणाऱ्यांनी एकदा अपघात विभागात बसून पाहावे.

ही उणीव भरून काढण्यासाठी कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अंमलात आला. त्यातील दिलासा मुख्यतः दिवाणी स्वरूपाचा आहे, परंतु तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मागावयाचा असतो. हिंसा करण्यास मनाई करणारा संरक्षण आदेश, घरातून न काढण्याचा निवास आदेश, खर्च व पोटगी, मुलांचा तात्पुरता ताबा आणि भरपाई या सर्व गोष्टी एकाच अर्जात मागता येतात. निकड असेल तर विरुद्ध पक्षास ऐकण्यापूर्वीही अंतरिम आदेश देता येतो. संरक्षण आदेश मोडल्यास मात्र तो गुन्हा होतो आणि त्यास १ वर्षापर्यंत कारावास किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अर्जाची पहिली तारीख सामान्यतः ३ दिवसांच्या आत असावी आणि पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. न्यायालयाच्या व्हरांड्यात बसलेल्या कोणासही विचारले तर साठ दिवसांचे काय होते ते कळेल.

घर कोणाच्या नावावर आहे, हा पूर्वी मोठा अडसर होता. सासऱ्याच्या नावावरील घरात सुनेस निवासाचा हक्क मागता येत नाही, असा अर्थ २००६ च्या एका निर्णयामुळे रूढ झाला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय बाजूस सारला आणि ती ज्या घरात खरोखर नांदली ते घर नातेवाइकाच्या मालकीचे असले तरी तिला तेथे निवासाचा हक्क मागता येईल, असे सांगितले. त्याआधी २०१६ मध्ये न्यायालयाने व्याख्येतील “प्रौढ पुरुष” हे शब्द काढून टाकल्याने सासू वा नणंद यांच्याविरुद्धही थेट अर्ज करता येऊ लागला.

हिंसाचाराची व्याख्या केवळ मारापुरती मर्यादित नाही. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व मानसिक आणि आर्थिक असे प्रकार तीत येतात. आर्थिक छळाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तो माझ्या समजुतीच्या कक्षेतील आहे. घरखर्च न देणे, स्त्रीधन विकणे वा अडकवून ठेवणे, तिचा वाटा असलेल्या वस्तूंची परस्पर विल्हेवाट लावणे, हे सर्व त्यात मोडते. शिवाय औषधोपचाराचा खर्च आणि बुडालेली मजुरी न्यायालय तिला देववू शकते. त्यासाठी पावती लागते. आपली पावती पूर्वी पैसे भरणाऱ्याच्या नावे निघे. म्हणजे उपचार पत्नीचा, पावती पतीची. आणि पैसे तिच्या माहेरच्यांनी दिले असतील तर पावती भावाची. आता प्रत्येक पावतीवर रुग्णाचे नाव व नोंदणी क्रमांक छापला जातो. खर्च काहीच आला नाही, संगणकाच्या नमुन्यात दोन रकाने वाढवावे लागले एवढेच.

रुग्णालयांविषयीची तरतूद अधिनियमाच्या कलम ७ मध्ये आणि २००६ च्या नियमांतील नियम १७ मध्ये आहे. पीडित स्त्रीने, संरक्षण अधिकाऱ्याने वा मान्यताप्राप्त सेवाभावी संस्थेने विनंती केल्यास वैद्यकीय साहाय्य देणे रुग्णालयाच्या प्रमुखावर बंधनकारक आहे. तिने आधी तक्रार केलेली नाही, या सबबीवर तिला परत पाठविता येत नाही. कौटुंबिक घटना अहवाल आधी झालेला नसेल तर रुग्णालयाने नमुना १ भरून तो स्थानिक संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवावयाचा असतो, आणि वैद्यकीय तपासणी अहवालाची प्रत तिला विनामूल्य द्यावयाची असते.  आम्हांस हा नमुना ठाऊक होता काय? प्रांजळपणे सांगावयाचे तर त्या साक्षीपर्यंत तो नमुना मी पाहिलेलाही नव्हता.

हा अहवाल पाठविला म्हणजे खटला भरला, असा गैरसमज कर्मचाऱ्यांतही आढळतो. तसे नाही. ती एक नोंद आहे. न्यायालयात जावे की न जावे, हे त्या स्त्रीने ठरवावयाचे असते. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कोणतेही दायित्व येत नाही, असेही अधिनियमात स्पष्ट आहे. ही नोंद आज उपयोगी पडली नाही तरी उद्या पडते, कारण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, या अधिनियमाखालील मूळ अर्जास १ वर्षाची मुदत लागू नाही. बाई सहा वर्षांनीही न्यायालयात जाऊ शकते. मग सहा वर्षांपूर्वीचा केसपेपर कोठे असतो? वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांची कागदपत्रे ३ वर्षे जपावी लागतात. बाह्यरुग्णाचा कागद रुग्णाच्याच हाती जातो, आणि ज्या घरात तो जातो तेथे तो टिकेल याची शाश्वती नसते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) विवाहित वा पूर्वी विवाहित असलेल्या १८ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. आपल्या रजिस्टरमध्ये मात्र वर्षानुवर्षे बायका मोरीतच घसरत आल्या. मुंबईत वांद्रे येथील महापालिकेच्या भाभा रुग्णालयात या शतकाच्या आरंभी ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले, ते डॉक्टर व परिचारिकांनी अशी दुखापत ओळखावी आणि समुपदेशन रुग्णालयातच मिळावे, या विचाराने. आपला आवाका तेवढा नाही. स्वतंत्र समुपदेशक नेमण्याइतकी तरतूद अंदाजपत्रकात अद्याप नाही.

जे शक्य होते ते केले. स्त्री रुग्णाची हकिगत आता पडद्याआड, सोबतच्या माणसास बाहेर बसवून घेतली जाते. तिने सांगितलेले तिच्याच शब्दांत, अवतरणात लिहिले जाते. दुखापत आणि सांगितलेले कारण यांचा मेळ बसत नसेल तर वैद्यकीय अधिकारी तसे स्पष्ट नमूद करतात. अपघात विभागात महिला हेल्पलाइनचा १८१ हा क्रमांक, संरक्षण अधिकाऱ्यांचे कार्यालय आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांची माहिती लावली आहे. या प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो, हे फार थोड्यांस ठाऊक असते. संरक्षण अधिकाऱ्यांकडे बहुधा इतरही कामे असतात, त्यामुळे पाठविलेल्या अहवालाची पोच मिळण्यास विलंब होतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तालुका पातळीपर्यंत हे अधिकारी नेमण्याचे आदेश दिले आहेत.

अहवालाची प्रत पुष्कळ स्त्रिया घरी नेत नाहीत. “इथेच राहू द्या, साहेब,” असे म्हणतात. अशा प्रती नोंदणी क्रमांक घालून, बंद पाकिटांत, अभिलेख कक्षातील एका लोखंडी कपाटात ठेवल्या जातात. किल्ली मेट्रन आणि अभिलेखपाल यांच्याकडेच असते. त्या कपाटाचा खर्च यंदाच्या ताळेबंदात ‘फर्निचर’ या शीर्षाखाली दाखविला आहे. लेखापरीक्षकांनी त्याविषयी विचारणा केली होती, म्हणून खुलासा येथे नमूद केला.