आकड्याचे मूळ आणि कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. श्रद्धेच्या प्रांतात हा संकेत शोभून दिसतो. ज्ञानाच्या प्रांतात मात्र तो पाळून चालत नाही. संशोधनाचा बहुतेक व्यवहार संगणकावरून होऊ लागल्यापासून तर समोर आलेला आकडा कोठून आला, कोणी मोजला, मध्ये त्यावरून कोणाकोणाचा हात फिरला, हे विचारणे अत्यंत अगत्याचे झाले आहे. या कुळकथेचाच विचार आज आम्ही आपणापुढे मांडणार आहोत.

ही कल्पना आपणास परकी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले; ते १९६६ साली पुरे झाले. संपादकांपुढे निरनिराळ्या प्रांतांतील, निरनिराळ्या लिप्यांतील शेकडो हस्तलिखिते होती. एका लेखनिकाने एक ओळ गाळली, की त्याच्या पोथीवरून उतरवलेल्या साऱ्या पोथ्यांतून ती गळते. म्हणून पोथ्यांची नुसती संख्या मोजून भागत नाही. कोणती पोथी कोणत्या शाखेतली, हे पाहावे लागते. एकाच पोथीच्या दहा नकला म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत.

संगणकातील माहितीचेही असेच आहे. फरक इतकाच, की लेखनिकाला नक्कल करण्यास महिने लागत. संगणक ती क्षणात करतो. शिवाय पोथीवरची खाडाखोड डोळ्यांना दिसते. संगणकात बदललेला आकडा मूळ आकड्याइतकाच स्वच्छ दिसतो.

याचा परिणाम किती दूरवर पोचतो, ते २०२० साली दिसले. करोनाची साथ ऐन भरात असताना, २२ मे रोजी, 'लॅन्सेट' या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध झाला. ६७१ रुग्णालयांतील सुमारे ९६,००० रुग्णांच्या नोंदींवरून, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले, असे त्यात म्हटले होते. तीनच दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील त्या औषधाचा भाग तहकूब केल्याचे जाहीर केले. पण वाचणाऱ्यांना एक विसंगती खटकली. २१ एप्रिलपर्यंत साऱ्या ऑस्ट्रेलियात करोनाने ६७ मृत्यू झाले होते. निबंधात तेथील पाचच रुग्णालयांतले मृत्यू ७३ होते! आशियातले एक रुग्णालय चुकून ऑस्ट्रेलियात धरले गेले, असा खुलासा झाला. मग शंभरांहून अधिक शास्त्रज्ञांनी मूळ नोंदींची विचारणा केली. नोंदी पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर कंपनीने त्या स्वतंत्र तपासणीसाठी दिल्या नाहीत, आणि ४ जूनला निबंध मागे घ्यावा लागला. पुढे मोठ्या चाचण्यांत या औषधाने रुग्णांचे मृत्यू कमी होत नाहीत, असेच दिसून आले. पण ते ज्ञान त्या चाचण्यांचे. मूळ दाखवता न आलेल्या आकड्यांचे नव्हे.

आता याच्या उलट उदाहरण पाहू. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ राइनहार्ट व रोगॉफ यांनी २०१० साली असे मांडले, की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले, की प्रगत देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्यावर घसरते. सरकारी खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्यांनी या निष्कर्षाचा आधार घेतला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा विद्यार्थी थॉमस हर्नडन याने लेखकांकडे त्यांचा तक्ता मागितला, आणि त्यांनी तो दिला. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. काही वर्षे गाळण्याच्या आणि देशांना वजन देण्याच्या पद्धतीवरही २०१३ साली त्याने व त्याच्या प्राध्यापकांनी आक्षेप घेतला. त्यांच्या हिशोबाने वाढ उणे नसून २.२ टक्के भरली. पद्धतीवर वाद झाला, पण सुटलेल्या ओळींची चूक लेखकांनी मान्य केली. तक्ता हाती आला, म्हणूनच हा वाद होऊ शकला.

अशी कुळकथा लिहावी कशी? २०१३ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने त्यासाठी 'प्रॉव्ह' नावाची एक सर्वमान्य मांडणी प्रसिद्ध केली. तिच्यात तीन गोष्टी मुख्य आहेत: वस्तू, क्रिया आणि कर्ता. पावसाचे उदाहरण घ्या. पर्जन्यमापकावरची रोजची नोंद ही वस्तू. तिच्यावरून सरासरी काढणे ही क्रिया. ती काढणारा कर्ता. आणि निघालेली सरासरी ही नवी वस्तू. प्रत्येक वस्तू कशापासून निपजली, याचा दुवा लिहून ठेवला, की नातवापासून पणजोबापर्यंत जाता येते.

मधल्या वाटेत फाइल बदलली की नाही, हे पाहण्याचीही युक्ती आहे. गणिती रीतीने फाइलचा एक 'ठसा' काढतात. एक अक्षर बदलले तरी ठसा निराळा येतो. मात्र ठशाने एवढेच कळते, की फाइल जशी होती तशी आहे. ती मुळात खरी होती की नाही, हे ठसा सांगत नाही. त्यासाठी मोजणाऱ्यापर्यंतच जावे लागते.

रुग्णांच्या नोंदी चव्हाट्यावर मांडाव्यात, असे येथे कोणी म्हणत नाही. नावे झाकूनही, गुप्ततेची शपथ घेतलेल्या तपासनिसाला त्या दाखवता येतात. आपण श्रोते तर संशोधक नाही. पण औषध आपल्याच घरात येते, आणि कराचा पैसा आपल्याच खिशातून जातो. तेव्हा व्यासपीठावरून कोणी आकडा सांगितला, की त्याला विचारावे: हा कोणी मोजला, मध्ये काय केले, आणि मूळ नोंद कोणाला पाहता येईल? हा अधिकार आपण आम्हालाही लागू करावा.