पेशीची खरी ओळख कशी पटते?

डोळ्यातली पेशी घ्या किंवा यकृतातली, सुमारे २०,००० जनुकांचा संच दोघींकडे सारखाच असतो. तरीही एक पाहण्याचे काम करते आणि दुसरी पित्त तयार करते. कारण जनुक असणे वेगळे आणि ते चालू असणे वेगळे. घरात पाककृतींचे पुस्तक एकच असते, पण ईदला त्यातून शीरखुर्मा होतो आणि रोज डाळ-भात. पेशीचेही असेच आहे. चालू असलेल्या जनुकाच्या आरएनए नावाच्या प्रती पेशीत तयार होतात आणि त्या मोजता येतात. कोणते जनुक किती चालू आहे, याच्या या नोंदीला जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात.

मज्जेतला कारखाना

हाडांच्या मज्जेत मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल असतात. त्यांच्यापासून लाल पेशी, प्लेटलेट्स आणि रोगाशी लढणाऱ्या टी पेशी, बी पेशी, जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी तयार होतात. रोज सुमारे २०,००० कोटी नव्या लाल पेशी या कारखान्यातून बाहेर पडतात. अल्लाहच्या कुदरतीपुढे माणूस थक्क होतो तो इथेच.

थॅलेसेमिया झालेल्या मुलाला भावाची किंवा बहिणीची मज्जा देतात, तेव्हा खरे तर या मूलपेशीच देतात. पण अनेक घरांत जुळणारा दाता मिळत नाही. अशा मुलांसाठी प्रयोगशाळेत पेशी तयार करता येतील का, यावर जगभर काम चालू आहे. प्रश्न असा, की तयार झालेली पेशी खरी आहे की नुसती खऱ्यासारखी दिसणारी? सूक्ष्मदर्शक एवढे सांगू शकत नाही. त्यासाठी हजारो नोंदी एकत्र ठेवून ताडून पाहावे लागते.

२४ मधून ४

जपानमधील क्योटो विद्यापीठाचे शिन्या यामानाका यांना साध्या पेशीला पुन्हा मूलपेशी बनवायचे होते. २०,००० जनुकांतून नेमकी कोणती निवडायची? त्यांच्या गटाने इतरांनी खुल्या ठेवलेल्या जनुकांच्या नोंदी संगणकावर चाळल्या, आधीच्या संशोधनाची जोड दिली आणि २४ नावे काढली. प्रयोगाअंती त्यांतली ४ पुरेशी ठरली. २००६ साली उंदराच्या त्वचेच्या पेशीपासून मूलपेशीसारखी पेशी तयार झाली, २००७ मध्ये माणसाच्या पेशीपासून. २०१२ चे नोबेल जॉन गर्डन यांच्यासोबत त्यांना मिळाले.

नक्कल पकडली जाते

२०१४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी अनेक प्रयोगशाळांच्या खुल्या नोंदी एकत्र करून 'सेलनेट' ही संगणकीय पद्धत तयार केली. तिने बी पेशीपासून बनवलेल्या मॅक्रोफेजची परीक्षा घेतली, तेव्हा त्यांच्यात बी पेशीची जुनी खूण शिल्लक आढळली. त्वचेतून बनवलेल्या 'यकृताच्या' पेशींमध्ये तर आतड्याच्या पेशींचे गुण दिसले. दोष कुठे आहे हे कळले, म्हणून तो कमी करण्याची वाटही दिसली. अपुरी बनलेली पेशी रुग्णाच्या शरीरात जाण्याआधीच ओळखता येणे ही लहान गोष्ट नाही.

माप एकच हवे

मात्र नोंदी एकत्र करणे सोपे नाही. दोन शिंप्यांच्या टेप वेगवेगळ्या असतील, तर दोघांची मापे जोडून एक कुर्ता शिवता येत नाही. प्रयोगशाळांचेही तसेच होते. यंत्र वेगळे, रसायन वेगळे. रक्त काढल्यावर काही तास तसेच राहिले, तरी रोगप्रतिकारक पेशींतील जनुकांचे चित्र बदलते. मग दिसणारा फरक आजाराचा की मोजणीचा? गणिताने असा फरक काढता येतो, पण जास्त काढला तर खरा फरकही पुसला जातो. म्हणून उंदरांच्या रोगप्रतिकारक पेशींवरील 'इम्जेन' प्रकल्पाने वेगळा मार्ग धरला. सर्व प्रयोगशाळांनी ठरलेल्या एकाच पद्धतीने पेशी वेगळ्या करायच्या आणि मोजणी एका ठिकाणी व्हायची.

नोंदींत आपण आहोत का?

आणखी एक उणीव आहे. जगातील जनुकीय माहितीचा मोठा भाग युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. त्यावरून ठरलेले 'निरोगी' चित्र आपल्या मुलांना तंतोतंत लागू पडेलच असे नाही. आशियातील ५ देशांच्या लोकांच्या रक्तातील रोगप्रतिकारक पेशींचा एक नकाशा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतही आहे. सुमारे ६०० लोकांच्या १२ लाखांहून अधिक पेशी त्यात मोजल्या. वय, स्त्री-पुरुष भेद आणि वंश यांनुसार फरक आढळले. आपल्या देशाची विविधता पाहता ही केवळ सुरुवात आहे.

संशोधनासाठी कोणी रक्ताचा नमुना मागितला, तर घाबरून नकार देऊ नये आणि न विचारता होकारही देऊ नये. नमुना कशासाठी, नाव गुप्त राहील का, नैतिक समितीची परवानगी आहे का, हे विचारावे. दिलेली माहिती ही अमानत आहे, तिची जपणूक करणे घेणाऱ्याचे कर्तव्य आहे. त्यातून लाभदायक ज्ञान निर्माण झाले, तर त्याचा सवाब पुढेही चालू राहतो अशी आपली श्रद्धा आहे.

आणि 'स्टेम सेलने सर्व आजार बरे' अशी जाहिरात दिसली, तर सावध राहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ मध्येच स्पष्ट केले आहे, की रक्ताच्या आजारांसाठीचे मान्य प्रत्यारोपण सोडून इतर वापर परवानगी घेतलेल्या चाचणीतच व्हावा. अशा ठिकाणी पैसे भरण्याआधी परवानगीचा कागद मागा. तुम्ही देणार असलेली पेशी कोणती आणि ती कशी तपासली, हेही विचारा.